दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई

इंदूरच्या विजय नगर भागात माझ्या घरी कायद्याचे काही विद्यार्थी येत असतात. दिवाणी कायद्याची तोंडओळख करून देताना त्यांच्यापैकी कुणी तरी दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतो : जी गोष्ट नीतीला धरून नाही ती कायदेशीर कशी असू शकेल? प्रश्न भाबडा वाटतो. पण नुसत्या व्याख्या सांगून त्याचे उत्तर देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना रखमाबाईंची हकीकत सांगतो. तीच येथे लिहीत आहे.

आधी थोडे प्रास्ताविक केले पाहिजे. फौजदारी कायद्यात सरकार गुन्हेगाराला शासन करते. दिवाणी कायद्यात एक माणूस दुसऱ्याकडे आपला हक्क मागतो. उसने दिलेले पैसे बुडाले, शेताचा बांध सरकवला गेला, करार मोडला किंवा कुणाच्या निष्काळजीपणामुळे दुखापत झाली, की वादी कोर्टाची पायरी चढतो आणि बहुधा पैशाच्या रूपाने भरपाई घेऊन परततो. यांपैकी निष्काळजीपणाच्या कायद्याचे नीतीशी असलेले नाते पाहण्यासारखे आहे. १९२९ साली स्कॉटलंडमध्ये एका बाईने जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार करून कारखानदारावर दावा लावला. आपल्या वागण्याने ज्याला इजा होईल हे आधी दिसू शकते, त्याच्या बाबतीत काळजी घेणे हे कायदेशीर कर्तव्य होय, असे १९३२ साली ब्रिटिश उमरावसभेने त्या दाव्यात ठरविले. या तत्त्वामागे शेजाऱ्यावर प्रेम करावे ही बायबलातील शिकवण होती. पण कायद्याने ती जशीच्या तशी उचलली नाही. प्रेम करा असे तो म्हणाला नाही. इजा होऊ देऊ नका, एवढेच म्हणाला. तळ्यात बुडणाऱ्या परक्या मुलाकडे काठावरून बघत बसणारा माणूस आपल्या दृष्टीने नीच असेल, परंतु त्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर नसेल तर त्याच्यावरील दावा टिकत नाही. कायदा येथे नीतीपेक्षा कमी मागतो. रखमाबाईंच्या बाबतीत त्याने नीतीपेक्षा जास्त मागितले.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. सुतार जातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. त्या वेळी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या भांडणात तिचाही वाटा असल्याचे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. सखाराम अर्जुन हे नावाजलेले वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. अशा सुधारक माणसाच्या घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. त्याने सासऱ्याच्या घरी राहून शिकावे व माणसांत यावे, अशी अपेक्षा होती. ती काही पुरी झाली नाही. शिक्षण सोडून तो आपल्या मामाकडे राहायला गेला. इतक्या लहान वयात मुलीला संसाराला लावणे सखाराम अर्जुन यांना वैद्य म्हणून मान्य नव्हते, म्हणून रखमाबाई माहेरीच राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच इंग्रजी शिकल्या. प्रार्थना समाजाच्या मंडळींत आणि आर्य महिला समाजात त्यांची ऊठबस होती.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने सॉलिसिटरमार्फत पत्र पाठवून बायकोला नांदायला पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला. दादाजीची गरिबी आणि त्याची ढासळलेली प्रकृती ही कारणे त्यांच्या बाजूने मांडण्यात आली. पण त्यांचे मुख्य म्हणणे निराळे होते. ज्या लग्नाला संमती देण्याचे आपले वय नव्हते, ते लग्न आपण मानणार नाही, असे त्या म्हणत होत्या. हिंदू स्त्रीने कोर्टात असे म्हणणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, याची आज नीट कल्पना येणे कठीण आहे.

दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे बायकोला नांदायला येण्याचा हुकूम व्हावा असा. दावा न्या. पिन्हे यांच्यापुढे आला आणि सप्टेंबर १८८५ मध्ये त्यांनी तो फेटाळला. जे नाते कधी प्रत्यक्ष सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार, हा त्यांच्या विचाराचा रोख होता. इच्छेविरुद्ध एका तरुणीला पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले, आणि असा दावा हिंदू धर्मशास्त्रात कुठे नाही, तो विलायतेच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आला आहे, हेही त्यांनी दाखविले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. माणूस म्हणून मला पिन्हेसाहेबांचा निकाल फार आवडतो. कायद्याचा अभ्यासक म्हणून मात्र तो मला लंगडा वाटतो. असे दावे हिंदुस्थानातील दिवाणी कोर्टांत चालू शकतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८६७ सालीच एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात मान्य केले होते. आणि तत्कालीन हिंदू कायद्याप्रमाणे लग्न विधीनेच पुरे होत असे, वधूच्या संमतीचा प्रश्नच नसे. न्यायाधीशाने आपल्या सदसद्विवेकाला स्मरून कायदा वाकवावा काय? रखमाबाईंसाठी वाकवला तर आपण टाळ्या वाजवू. उद्या दुसरा न्यायाधीश स्वतःच्या नीतीप्रमाणे उलट दिशेने वाकवू लागला तर काय म्हणणार?

व्हायचे तेच झाले. २ एप्रिल १८८६ रोजी सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी अपिलात पिन्हे यांचा निकाल फिरवला व दावा पुन्हा चालवायला पाठविला. आता ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे. न गेल्यास सहा महिने कैद. दिवाणी दाव्यात कैद कुठून आली, असे कुणी विचारील. तेव्हाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी कैदेची तरतूद होती. गंमत अशी की, ज्या इंग्लंडकडून हा दावा आपल्याकडे आला, तेथे नेमक्या १८८४ साली, म्हणजे दादाजीने मागणी केली त्याच वर्षी, कायद्याने ही कैद काढून टाकली होती. आपल्याकडे ती राहिली.

रखमाबाईंनी नवऱ्याकडे जाण्याऐवजी शिक्षा भोगण्याची तयारी दाखविली. मला त्यांची ही कृती पिन्हे यांच्या निकालाहून मोठी वाटते. हा कायदा कायदाच नव्हे, असा त्यांचा पवित्रा नव्हता. त्या पळूनही गेल्या नाहीत. कायद्याने मागितलेली गोष्ट देणार नाही, पण न दिल्याबद्दल तो जी किंमत मागेल ती मोजीन, असे त्यांचे वागणे होते. पुढे गांधीजींमुळे हा मार्ग देशाच्या परिचयाचा झाला. १८८७ साली बावीस वर्षांच्या एका मुलीला तो कुणी शिकविला नव्हता.

साऱ्या देशात वादळ उठले. दोन वर्षांपूर्वी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली होती. ती रखमाबाईंचीच होती. बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. उलट बाजूला टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’. टिळकांच्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, आमच्या विवाहसंस्थेत काय बदलायचे ते परक्या सरकारच्या कोर्टाने ठरवू नये. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्या दाव्याचे ते समर्थन करीत होते तोच मुळी परक्यांचा होता, हे त्यांच्या नजरेतून निसटले, किंवा त्यांना ते सोयीचे नव्हते.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून त्यांचे लग्न रद्द केले, अशी एक आख्यायिका अजून छापली जाते. घडले ते पुष्कळ साधे होते. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. नैतिक पेच म्हणून गाजलेला खटला शेवटी इतर दिवाणी दाव्यांसारखाच पैशावर मिटला.

तडजोडीनंतर रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरविले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. विलायतेच्या खर्चासाठी मदत जमली तीत आमच्या इंदूरचे तेव्हाचे महाराज शिवाजीराव होळकर यांचे पाचशे रुपये होते. इंदूरकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे. १८८९ साली त्या लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ साली शिक्षण पुरे केले आणि परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे राजकोटच्या संस्थानी जनाना रुग्णालयात त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केले. ज्या बायका पुरुष डॉक्टरसमोर येत नसत त्यांच्या बाळंतपणांत या बाईंचा जन्म गेला. खटल्याच्या तीन-चार वर्षांपेक्षा हा काळ कितीतरी लांब आहे, आणि आपण लिहितो मात्र खटल्यावरच. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१९०४ साली दादाजी वारला. ही बातमी आल्यावर रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे पातळ नेसू लागल्या. हे सांगितले की माझे विद्यार्थी गोंधळतात, काहींना रागही येतो. जे लग्न मानले नाही त्याचे वैधव्य कसे मानले? समाजाच्या धाकाने असेल, की स्त्री-रुग्णांचा विश्वास राखण्यासाठी, की जुन्या नात्याबद्दल मनात काही उरले होते म्हणून, यांवर वाटेल तितके तर्क करता येतील. मला एवढेच दिसते की, जी गोष्ट कोर्टाच्या हुकमाने करायला त्या तयार नव्हत्या त्या जातीची एक गोष्ट त्यांनी कुणाच्याही हुकमाशिवाय केली.

कायदा हळूहळू हलला. नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १९२३ सालच्या दुरुस्तीने गेली. मालमत्तेच्या जप्तीची तरतूद उरली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि रखमाबाईंना जो मिळाला नव्हता तो घटस्फोट हिंदू स्त्रीला मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या मुंबईत वारल्या. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये दादाजीने लावलेला दावाही राहिला. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने काढून टाकला. आपल्याकडे १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, तर १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरविले. हुकूम होऊनही वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत तर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. त्यामुळे संसार जोडण्यासाठी असलेले हे कलम पुष्कळदा तो मोडण्यासाठीच वापरले जाते. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढे स्पष्ट केले आहे की, असा हुकूम झाल्यावरही न नांदणाऱ्या पत्नीची पोटगी केवळ तेवढ्या कारणाने बंद करता येणार नाही. न जाण्याला तिच्याकडे सबळ कारण आहे की नाही, हे त्या त्या खटल्यात पाहावे लागेल.