न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

आपल्या सारस्वत ज्ञातीत कै. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळाच. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार, बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनचे एक संस्थापक, मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू, ही त्यांची ओळख प्रत्येक चरित्रलेखात येते. परंतु कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावण्याचे जे काम न्यायासनावर बसून करावयाचे असते, ते त्यांनी कसे केले याविषयी फारसे लिहिले जात नाही. विषय रुक्ष, म्हणून लेखक त्याच्या वाटेस जात नसावेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

काशिनाथपंतांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजी झाला. अमरचंद वाडीतील मराठी शाळा, पुढे एल्फिन्स्टन हायस्कूल व कॉलेज असा त्यांचा विद्याक्रम. हायस्कुलात नारायण महादेव परमानंदांसारखा गुरू लाभला आणि तोच पुढे स्नेही झाला. संस्कृतातील भगवानदास पारितोषिक त्यांनी विद्यार्थिदशेतच मिळविले होते. एम्. ए. व एल्एल्. बी. होऊन १८७२ साली ते हायकोर्टाच्या मूळ शाखेत वकिली करू लागले. गोऱ्या बॅरिस्टरांच्या त्या राखीव कुरणात बाळ मंगेश वागळे यांनी वाट पाडली होती, तिनेच ते गेले. सरकारी नोकरी चालून आली असता त्यांनी ती नाकारली. १८८९ साली मात्र न्यायाधीशपद स्वीकारले.

हिंदूंच्या वारसा, वाटणी, दत्तक या बाबतींत त्या काळी आजच्यासारखा एकसंध लेखी कायदा नव्हता. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख हेच ग्रंथ न्यायालयात कायद्याच्या जागी असत. देशावर मिताक्षरा प्रमाण. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखास अग्रमान. पण बहुतेक न्यायाधीशांना हे ग्रंथ वाचावयाचे ते भाषांतरातून. मिताक्षरेच्या दायभागाचे कोलब्रुकने १८१० साली केलेले भाषांतर हेच त्यांचे मूळ! एखाद्या अव्ययाचा अर्थ भाषांतरकाराने संकुचित केला की शेकडो कुटुंबांच्या वाटण्या त्या संकोचात अडकत. तेलंग मूळ पोथी उघडून बसत. टीकाकार कोणत्या शंकेला उत्तर देत आहे, पुढील वाक्य मागच्या वाक्याचा अपवाद आहे की केवळ उदाहरण, हे ते पाहात. संस्कृत जाणणारे त्यांच्यापूर्वीही होते. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मयूखाचे भाषांतरच केले होते. तेलंगांचे वैशिष्ट्य हे की तो अर्थ त्यांना निर्णयात उतरविता येत होता.

याची खरी कसोटी आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात लागली. तो मुंबई निर्णयमालेच्या १६ व्या खंडात छापलेला आहे. प्रश्न दिसावयास साधा होता. बाप आपल्या वडिलांशी किंवा भावांशी अद्याप एकत्र आहे, त्याला विभक्त व्हावयाचे नाही. अशा स्थितीत त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येईल काय? आजोबांच्या मिळकतीवर बाप व मुलगा यांचे स्वामित्व सारखेच, आणि बापाची इच्छा नसली तरी मुलाच्या इच्छेने तिची वाटणी होते, असे मिताक्षरेचे सांगणे. पूर्णपीठातील बहुमताने या वचनाचा विस्तार इतका दूर नेण्याचे नाकारले आणि बापाची संमती आवश्यक ठरविली. तेलंग तेव्हा न्यायासनावर जेमतेम दोन वर्षांचे. त्यांनी सविस्तर भिन्न मत लिहिले. मुलाचा हक्क बापाच्या मर्जीतून नव्हे, जन्मातून येतो, हे ग्रंथाचे मूळ तत्त्व एकदा मान्य केले, की बाप स्वतः विभक्त आहे किंवा नाही एवढ्यावरून तो हक्क लोपत नाही, ही त्यांच्या मताची दिशा होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेलंग हे तडजोडीचे पुरस्कर्ते. सामाजिक तडजोडीवर त्यांनी मराठीत निबंधही लिहिला. मुलाने बापाविरुद्ध कोर्टात जावे हे अशा गृहस्थास रुचले असेल असे वाटत नाही. पण स्वतःला काय रुचते आणि ग्रंथ काय म्हणतो यांत त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. अलाहाबाद व मद्रास येथील न्यायालयांनी मुलाचा हक्क मान्य केला. मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचाच नियम चालला. हिंदू कायद्याच्या पाठ्यग्रंथांत तो सांगताना तेलंगांच्या भिन्न मताची नोंद होते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीसही जन्मतः सहदायाद केले, तेव्हा जन्मसिद्ध हक्काचे तेच तत्त्व घरातील दुसऱ्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचले. हे तेलंगांच्या काळी कोणाच्या स्वप्नीही नसेल.

न्यायासनावरील ही निर्भयता घरात मात्र त्यांना साधली नाही, हे चरित्रकाराने लपवू नये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला, आणि आयुष्याच्या अखेरीस आपल्या अल्पवयीन मुलीचा विवाह करून दिला. कुटुंबाच्या आग्रहापुढे ते नमले असे त्यांचे स्नेही म्हणत. टीकाकारांनी ते ऐकून घेतले नाही, आणि त्यांचा राग अनाठायी होता असेही म्हणवत नाही.

१८९२ साली विद्यापीठाचे कुलगुरुपद व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद ही दोन्ही त्यांच्याकडे आली. तोपर्यंत कोणाही हिंदी गृहस्थास ती मिळाली नव्हती. प्रकृती मात्र ढासळत गेली आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचे देहावसान झाले. हायकोर्टातील त्यांच्या रिकाम्या जागी त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली.