सोलापूरचे डॉक्टर के दीहुआ

आपण मरोळवाले मिलिटरी रोडवरून रोज रिक्षाने जातो. युद्धाशी आपला संबंध तेवढाच. पण लहान मुलांसाठी युद्धाची गोष्ट लिही असं मला कुणी सांगितलं, तर मी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची लिहीन. (मी कॉन्व्हेंटची, मराठी सांभाळून घ्या.)

जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. शिक्षण परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. 1937 मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टर पाठवले. त्यातले एक कोटणीस. तिथे त्यांना 'के दीहुआ' हे नाव मिळालं. हुआ म्हणजे चीन.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत. इथे आम्ही दोन दिवसांची सुट्टी मिळाली तरी बॅग भरतो!

आता विचार करा. माणूस परका, चेहरा परका आणि हातात सर्जरीचा चाकू. खेड्यातून आलेल्या जखमी सैनिकाने त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? माझ्या गोष्टीत हा प्रसंग नक्की असेल. कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. 1940 च्या लढाईत त्यांनी सलग 72 तास ऑपरेशनं केली असं सांगतात. 1941 मध्ये बेथून हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले. तिथेच नर्स गुओ छिंगलान यांच्याशी लग्न झालं. 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत. पुढे चारच महिन्यांत, 9 डिसेंबरला, फिट्सच्या आजाराने डॉक्टर गेले. वय फक्त 32.

पण माझी गोष्ट इथे संपणार नाही. 1962 मध्ये भारत-चीन युद्ध झालं. आपल्याकडच्या चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना, मुख्यतः आसाम-बंगालमधल्या, उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं. त्यात म्हातारी माणसं होती, शाळेतली मुलं होती. कित्येकांचा जन्म इथलाच. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. कोटणीसांना तिकडे चेहरा आड आला नाही, हे तेव्हा कुणाला आठवलं असेल का?

यिनहुआ त्या वर्षी वीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. वडिलांसारखा तोही मेडिकलला गेला. 1967 मध्ये, डिग्री हातात येण्याआधीच तो वारला.