दृष्टी देणारे दान : सर कावसजी जहांगीर रेडीमनी

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची वाट आपल्या कोकणाला नवीन नाही. पूर्वी गोवळकोटहून खाडीने दाभोळ आणि तिथून आगबोटीने मुंबई, पुढे एसटीने आणि आता कोकण रेल्वेने, अशी आपल्या भागातली माणसे दुखणी घेऊन तिथे जात आली आहेत. मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्याला लागलेला मार अशा दुखण्यांसाठी तर तो अनेकांचा शेवटचा आधार होता. पण त्या आवारात डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय कोणाच्या पैशातून उभे राहिले, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. ते होते सर कावसजी जहांगीर रेडीमनी. त्यांच्या जीवनाची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

घराणे आणि आडनाव

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेजवळच्या नवसारीहून तीन पारशी भाऊ मुंबईत आले. मुंबई तेव्हा लहान होती आणि बंदर वाढत होते. या भावांनी चीनशी व्यापार सुरू केला. त्यांच्यापैकी हिरजी जिवणजी १७५६ साली स्वतः चीनला गेले. व्यापारात बरकत आली, हाती रोकड खेळू लागली, आणि अडल्यानडल्याला ताबडतोब पैसा पुरवणारे म्हणून लोक त्यांना रेडीमनी म्हणू लागले. हेच टोपणनाव पुढे घराण्याचे आडनाव झाले.

या घराण्यात २४ मे १८१२ रोजी कावसजींचा जन्म झाला. घर श्रीमंत होते, तरी शिक्षण फार झाले नाही. फोर्ट भागात सार्जंट साइक्स यांची एक शाळा होती, तिथे जेवढे इंग्रजी शिकले तेवढेच. पंधराव्या वर्षी ते डंकन गिब आणि कंपनी या पेढीत गोदाम कारकून म्हणून कामाला लागले. कोणता माल आला, किती गेला, गाठी किती, तूट किती, याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. मोठ्या घरच्या मुलाने गोदामात उभे राहून गाठी मोजायच्या, ही गोष्ट त्या काळीही सर्रास होत नसे.

१८३७ साली दोन मोठ्या युरोपीय पेढ्यांनी त्यांना हमीदार दलाल नेमले. हे काम जोखमीचे होते. पेढीने ज्या देशी व्यापाऱ्याशी व्यवहार करायचा त्याची हमी दलालाने द्यायची. व्यापारी बुडाला तर भरपाई दलालाच्या खिशातून. त्यामुळे माणूस ओळखणे आणि दिलेला शब्द पाळणे हेच त्याचे भांडवल. १८४६ पासून कावसजी स्वतःच्या नावावर व्यापार करू लागले. पुढे सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले, शहराच्या स्वच्छतेच्या मंडळावर घेतले. हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम १८६० साली आला. नव्या कराला लोक नाराज असणार हे उघडच आहे. त्या करासाठी आयुक्त म्हणून त्यांनी काम केले आणि ते इतक्या समजुतीने केले की मुंबईत फार कटुता आली नाही.

पैशाचा पूर आणि ओहोटी

कावसजींच्या दानाचा मोठा काळ १८६०च्या दशकातला. तो समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळणार नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, आणि गल्लीबोळात शेअरांची खरेदी-विक्री. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस गडगडला आणि कालचे लखपती रस्त्यावर आले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बलाढ्य माणूसही त्यात कोसळला.

पुराचे पाणी ओसरल्यावर मागे काय उरते, हे आम्हा चिपळूणकरांना कोणी शिकवायला नको. चिखल उरतो. मुंबईच्या त्या पुरानंतर ज्यांनी वेळेवर दगडी कामात पैसा घातला होता, त्यांचे मात्र काही उरले. कावसजी त्यांपैकी एक.

मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहासाठी त्यांनी १ लाख रुपये दिले. ही इमारत १८७४ साली पुरी झाली आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीला त्यांनी पैसे दिले. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या कॉलेजला दिले. त्या इमारतीची कोनशिला १८६५ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी बसवली. सिंधमधल्या हैदराबादला मनोरुग्णांसाठी रुग्णालय झाले. ते आज पाकिस्तानात आहे, पण नाव अजून त्यांचेच आहे. मुंबईत ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची कारंजी बांधली गेली. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या दारातले सुंदर कारंजेही त्यांच्याच देणगीतून झाले. अग्नीची उपासना करणाऱ्या एका पारशी गृहस्थाने ख्रिस्ती मंदिराच्या दारात तहानलेल्यासाठी पाणी ठेवले, ही गोष्ट आपण आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्येही १८६९ सालचे त्यांचे एक कारंजे उभे आहे. मुंबईच्या संस्थांना दिलेल्या त्यांच्या देणग्यांची बेरीज २ लाख पौंडांच्या घरात जाते. त्या वेळच्या हिशोबाने हे सुमारे २० लाख रुपये होतात.

डोळ्यांचे रुग्णालय

या यादीत भायखळ्याचे डोळ्यांचे रुग्णालय आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय आधीच उभे होते आणि त्याला लागून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते. कावसजींच्या पैशातून त्या परिसरात फक्त डोळ्यांसाठी वेगळे रुग्णालय झाले. त्यामुळे रुग्णांची सोय झालीच. शिवाय वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना नेत्ररोग शिकण्यासाठी एक कायमची जागा मिळाली. शेकडो डोळे पाहिल्याशिवाय डोळ्यांचा डॉक्टर तयार होत नाही. ते डोळे पाहण्याची जागा या दानाने दिली.

त्याच वर्षांत युरोपात काय चालले होते तेही पाहू. १८५१ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण तयार केले. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना दिसतच नव्हता. १८५८ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्ट गावी डोंडर्स या प्राध्यापकांनी गरिबांसाठी डोळ्यांचे रुग्णालय काढले, तेही लोकांच्या देणग्यांवर. याच रुग्णालयात स्नेलन यांनी १८६२ साली अक्षरांचा तो तक्ता तयार केला, जो वरून खाली बारीक होत जातो आणि आपण सगळ्यांनी एक डोळा झाकून वाचलेला असतो. डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात जवळचे न दिसणे, लांबचे न दिसणे आणि चाळिशी लागणे यांची कारणे नीट वेगळी करून दाखवली. त्याआधी चष्मा म्हणजे फेरीवाल्याच्या पेटीतला माल होता. एकामागून एक लावून पाहायचा आणि बरा वाटेल तो घ्यायचा. डोंडर्स आणि स्नेलन यांच्यामुळे तो मोजमापाचा विषय झाला. आज ज्याला ऑप्टोमेट्री म्हणतात त्या शास्त्राचा पाया तिथे पडला.

उट्रेख्ट आणि भायखळा यांचा एकमेकांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. कोणीतरी गरिबाच्या डोळ्यासाठी घर बांधून दिले, आणि त्या घरात उपचारांबरोबर विद्याही वाढली.

दोन प्रकारचे दान

दारात आलेल्या भुकेल्याला भाकरी देणे हे पहिले दान. ते थांबता कामा नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपल्या चिपळुणात घरांत पाणी शिरले तेव्हा कुठून कुठून लोक धान्य, कपडे, औषधे घेऊन धावले. त्या वेळी कोणी कॉलेज बांधायच्या गोष्टी केल्या असत्या तर त्या क्रूर वाटल्या असत्या. पण दुसरेही एक दान असते. त्यात घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला कधीच दिसत नाही, कारण घेणारा अजून जन्मलेलाही नसतो. कोणी हात जोडत नाही, कोणी आभार मानत नाही. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर पहिले दान समोरच्या गरजेला उत्तर देते आणि दुसरे दान गरजेच्या कारणाला. दुसऱ्यासाठी केवळ कणव पुरत नाही, विचारही लागतो.

आणखी एक बाब. कावसजींच्या १ लाखात दीक्षान्त सभागृह पुरे झाले नाही. उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलला. इमारत एकदा देता येते. शिक्षक, उपकरणे, औषधे यांचा खर्च मात्र दरवर्षी असतो. दान तेव्हाच टिकते जेव्हा ते चालवणारे हात मागे असतात. नुसती कोनशिला कोणाला दृष्टी देत नाही.

एक अवघड प्रश्नही टाळता येणार नाही. मुंबईच्या ज्या चीन व्यापारातून अशी घराणी मोठी झाली, त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही जात होती. कापसाची तेजी तर दूरच्या देशातल्या युद्धातून आली होती. मग अशा संपत्तीतले दान निर्मळ म्हणावे का? आमचे मत असे की दानाने संपत्तीचा हिशोब पुसला जात नाही. पण हिशोब अवघड आहे म्हणून दान वाया गेले असेही नाही. ज्या म्हातारीचा मोतीबिंदू निघाला तिला सकाळ खरोखरच दिसली. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याइतके मन मोठे असावे.

१८७१ साली कावसजींना सी.एस.आय. हा किताब मिळाला आणि १८७२ साली ते सर झाले. पण १८७१ पासूनच प्रकृतीने साथ सोडली होती. १८७८ साली त्यांचे निधन झाले. शिल्पकार वूलनर यांनी घडवलेला त्यांचा पुतळा आजही मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात आहे. दानाची रीत घराण्यात पुढेही चालू राहिली. १९५२ साली उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी ही याच घराण्याची देणगी.

आज आणि आपण

अशी माणसे पुढेही झाली. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी ५ एकर जमीन आणि १ कोटी रुपये दिले आणि १९८७ मध्ये हैदराबादला त्यांच्या नावाची नेत्रसंस्था सुरू झाली. तिथे उपचारांबरोबर ऑप्टोमेट्रीचे शिक्षण आणि संशोधनही चालते. चेन्नईत शंकर नेत्रालय या धर्मादाय संस्थेने १९८५ मध्ये ऑप्टोमेट्रीचे कॉलेज काढले. आज हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला मान्यता मिळाली आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. तो नंबर काढतो, लहान मुलांचा आळशी डोळा आणि तिरळेपणा ओळखतो, काचबिंदूची किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेल्या परिणामाची शंका आली तर वेळेवर डॉक्टरकडे पाठवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे, आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अजून दूर करता येण्यासारखा आहे. अनेकांना हवा असतो तो फक्त योग्य नंबरचा चष्मा.

ज्या मुलाला जन्मापासून धूसर दिसते त्याला आपल्याला धूसर दिसते हे कळतच नाही. सगळ्यांना असेच दिसत असेल असे त्याला वाटते. फळ्यावरचे वाचता येत नाही म्हणून तो मागे पडतो आणि घरी ढ ठरतो. आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत इलाज झाला तर उत्तम, पुढे तो कठीण होत जातो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, शाळेत जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाचे डोळे यंदा तपासून घ्या, तक्रार नसली तरी. दुसरी, बारावी विज्ञान झालेल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हा अभ्यासक्रम शिकायची इच्छा असेल आणि फी परवडत नसेल, तर आम्हाला भेटा. एका घराला न पेलणारे ओझे दहा घरांनी उचलले तर हलके होते. आपल्यात कोणी रेडीमनी नाही. पण त्या मुलाने पुढे गावोगाव जाऊन किती डोळे तपासले हे मोजायला आपण नसलो, तरी ते डोळे असतील.