अग्निबाणाचा ध्यास

विद्यार्थी मित्रांनो, डिंभे धरणाच्या जलाशयात तुम्ही होडी पाहिली असेल. होडीतून काठावर उडी मारताच होडी मागे सरकते. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

रॉबर्ट गोडार्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील वूस्टर गावी झाला. लहानपणी ते वारंवार आजारी पडत. पण त्यांना वाचनाची फार आवड होती. सतरा वर्षांचे असताना ते एकदा चेरीच्या झाडावर चढले. तेथे बसून त्यांनी मंगळावर जाणाऱ्या यानाचे स्वप्न पाहिले.

पुढे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. अग्निबाण चंद्रापर्यंत पोहोचू शकेल, असे त्यांनी लिहिले. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली. अवकाशात हवा नाही, मग अग्निबाण कशाला रेटून पुढे जाणार, अशी शंका त्याने काढली.

गोडार्ड यांनी तर हवा काढून टाकलेल्या नळीत आधीच प्रयोग केला होता. तेथेही अग्निबाणाला जोर मिळाला होता. कसा बरे? आता ती होडी आठवा. अग्निबाण आपल्या पोटातील तप्त वायू वेगाने मागे फेकतो, म्हणून तो पुढे जातो. त्याला हवेचा आधार लागत नाही. हवा तर त्याला अडवते!

१६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रव इंधनाचा जगातील पहिला अग्निबाण उडवला. तो सुमारे ४१ फूट उंच गेला. १० ऑगस्ट १९४५ रोजी ते वारले.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे निघाले. दुसऱ्याच दिवशी त्या वृत्तपत्राने आपली चूक कबूल केली.

मित्रांनो, शंका जरूर घ्या. पण तिचे उत्तर प्रयोगाने शोधा.