आकाशगंगेचे नकाशाकार : यान ओर्ट

निरभ्र, चंद्रहीन रात्री आकाशात एक फिकट पांढरा पट्टा दूरवर पसरलेला दिसतो. हीच आपली आकाशगंगा. आपला सूर्य तिच्यातच आहे. घरात कोंडलेल्या माणसाला घराचा बाहेरील आकार कसा कळावा? त्यातच आकाशगंगेतील धुळीचे ढग दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात. हा पडदा भेदून आकाशगंगेचा नकाशा रेखणाऱ्यांत डच ज्योतिर्विद यान ओर्ट हे अग्रणी होते.

ओर्ट यांचा जन्म २८ एप्रिल १९०० रोजी नेदरलँड्समधील फ्रानेकर या गावी झाला. ग्रोनिंगेन विद्यापीठात थोर ज्योतिर्विद काप्टाइन यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे ते लायडेनच्या वेधशाळेत गेले. ताऱ्यांच्या गती तपासून १९२७ साली त्यांनी आकाशगंगा स्वतःभोवती फिरत असल्याचे दाखवून दिले. परंतु धुळीपलीकडे काय असेल, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४० साली जर्मन सैन्याने नेदरलँड्स व्यापले. ज्यू प्राध्यापकांना पदांवरून दूर करण्यात आले. हा अन्याय सहन न होऊन ओर्ट यांनी आपले पद सोडले आणि ते हुल्सहोर्स्ट या खेड्यात जाऊन राहिले. पद गेले, तरी चिंतन थांबले नाही. अमेरिकेतील ग्रोट रेबर यांनी आकाशातून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपल्याचे त्यांच्या वाचनात आले. या लहरींना धुळीचा अडथळा होत नाही. त्यांत ठरावीक लांबीची एखादी लहर सापडली, तर तिच्या लांबीत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून ती सोडणाऱ्या वायूचा वेग मोजता येईल, हे ओर्ट यांनी ताडले. अशा लहरीचा शोध घेण्याचे काम त्यांनी व्हान दे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्यावर सोपवले.

अवकाशात सर्वांत विपुल वायू म्हणजे हायड्रोजन. त्याचा विद्युतभाररहित अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडू शकतो, असे त्या विद्यार्थ्याने १९४४ साली गणिताने दाखवले. एकेक अणू फार क्वचित ती सोडतो. परंतु असे अणू असंख्य असल्याने ती टिपता येण्याची आशा होती.

युद्ध संपल्यावर ओर्ट वेधशाळेचे संचालक झाले. जर्मनांनी मागे टाकलेली साडेसात मीटर व्यासाची एक रडार-थाळी कोटवाइक येथे उभारण्यात आली. ती हातांनीच फिरवावी लागे. १९५० साली आग लागून लहरी टिपणारे यंत्र भस्मसात झाले. ओर्ट खचले नाहीत. नवे यंत्र तयार करण्यात आले. इतक्यात मार्च १९५१ मध्ये अमेरिकेत यूएन आणि पर्सेल यांनी ती लहर प्रथम टिपली. पहिलेपणाचा मान हुकला! तरीही डच संशोधकांनी हेवा न करता काम चालू ठेवले आणि मे महिन्यात त्यांनाही ती लहर सापडली. दोन्ही देशांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

ओर्ट यांचे खरे कार्य आता सुरू झाले. लहर किती प्रबळ, यावरून वायू किती, हे कळे. तिच्या लांबीतील फरकावरून वायूचा वेग कळे. वेगावरून ढगाचे अंतर काढता येई. दिशेमागून दिशा मोजीत आकाशगंगेचे सर्पिल बाहू कागदावर उमटू लागले. दक्षिणेकडील आकाश नेदरलँड्समधून दिसत नाही. तेथील मोजमापे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केली. दोन्ही मिळून १९५८ साली एक विस्तृत नकाशा प्रसिद्ध झाला. त्याआधीच १९५७ साली ड्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेतील हायड्रोजनही मोजण्यात आला होता.

५ नोव्हेंबर १९९२ रोजी ओर्ट यांचे निधन झाले. त्यांनी दाखविलेली वाट मात्र विस्तारतच आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण दूरदूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनाच्या याच लहरी टिपते. न्यायासाठी पदाचा मोह सोडणारा आणि पहिलेपण हुकले तरी काम न सोडणारा हा थोर पुरुष आकाशाकडे पाहताना आपण अवश्य स्मरावा.