अंड्याआधीचा अँथनी

एक सीन आठवा. भलंमोठं ईस्टर एग उघडतं, आतून टॉप हॅट घातलेला अमिताभ बाहेर येतो आणि स्वतःचं नाव सांगत नाचायला लागतो. 'अमर अकबर अँथनी', १९७७. तुमच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं एकदा तरी वाजलंच असणार. पण त्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या माणसाचं होतं, हे माहितीय? हा माणूस व्हायोलिन वाजवायचा आणि आपल्या रागांवर सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायचा.

त्याचा जन्म १९२७चा, गोव्यातल्या माजोर्ड्याचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. अँथनीचे वडील तर चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुखच, त्यामुळे हे शिक्षण घरातूनच मिळालं. १९४३ मध्ये तो मुंबईत आला आणि संगीतकार नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवायला लागला. वय सोळाच्या आसपास. आपण त्या वयात अकरावीची ॲडमिशन घेत होतो!

पुढे तो अरेंजर झाला. हे काम नेमकं काय असतं? आमच्या जित्याच्या आसपास, हमरापूर-जोहेच्या पट्ट्यात, गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती निघते, रंग लागतो, पण डोळ्यांची आखणी झाली की मगच ती बघायला लागते. आखणी करणाऱ्याचं नाव मूर्तीवर कुठेच नसतं. सिनेमातही तसंच होतं. संगीतकार चाल बांधायचा. व्हायोलिनं कुठे चढायची, चेलोनं खाली काय धरायचं, बासरी कधी शिरायची, हे अरेंजर कागदावर लिहून प्रत्येक वादकाच्या हातात द्यायचा. हे काम करणाऱ्यांत गोव्याची माणसं खूप होती. पडद्यावरच्या नामावलीत मात्र त्यांची नावं क्वचितच यायची.

अँथनीला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याला सिनेमाच्या बाहेर, फक्त ऐकण्यासाठी असं ऑर्केस्ट्राचं संगीत रचायचं होतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र मोठा वाद्यवृंद आणि वर हिंदुस्थानी राग, असा मामला होता. त्याची एक रचना 'सोनातिना इंडियाना', तर एक कंचेर्तो सारंग रागातला.

यात अवघड काय, असं वाटेल. तर ऐका. आपला राग एका वेळी एकाच सुराच्या वाटेनं चालतो. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी तीन-चार सूर एकमेकांवर रचतात, त्याला हार्मनी म्हणतात. तिथे अगदी सुरुवातीला शिकवतात ती रचना सा-ग-प. आणि आपण सारंग म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल बोलतो, त्या वृंदावनी सारंगात गंधार वर्ज्यच आहे! म्हणजे पहिल्याच पायरीवर दार बंद. गंधार घेतला तर राग मोडतो, नाही घेतला तर नेहमीची हार्मनी उभी राहत नाही. असल्या अडचणी अंगावर घेऊन तो लिहीत होता.

१९५८ मध्ये त्यानं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. शंभराच्या वर वादक आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तुमच्यासारख्याच कॉलेजच्या आवारात. तेव्हा तो फक्त एकतीस वर्षांचा होता.

१९६५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला. परतल्यावर सिनेमाच्या गर्दीत पुन्हा शिरला नाही. माजोर्ड्याला जाऊन शांत राहिला.

मग ते अंडं कुठून आलं? वांद्र्याच्या घरी तो मुलांना शिकवायचा. आर. डी. बर्मन त्याचे शिष्य आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालही. त्याच प्यारेलालनी 'अमर अकबर अँथनी'ला संगीत देताना आपल्या गुरूचं नाव गाण्यात आणलं. केवढी मोठी गुरुदक्षिणा! पण गंमत बघा, नाव देशभर पोचलं आणि काम मागेच राहिलं. १८ जानेवारी २०१२ला तो गेला, तेव्हा आपण चड्डीत शाळेत जात होतो. नाव तोंडपाठ, माणूस माहीत नाही.

आमच्या जिते स्टेशनवर गाड्या थांबतात मोजक्याच. गोव्याच्या गाड्या धडधडत निघून जातात आणि मडगावच्या जरा आधी माजोर्डा ओलांडतात. हे सगळं वाचल्यापासून ती गाडी गेली की मला तो आठवतो.

तुम्ही एक करा. आज हेडफोन लावून पन्नासच्या दशकातलं कुठलंही आवडतं गाणं ऐका. गायकाकडे लक्ष देऊ नका, फक्त मागच्या व्हायोलिनचा माग काढा. ते कुणीतरी कागदावर लिहिलं होतं. त्या कुणाचं तरी नाव शोधा.