सुतारखान्यातील संशोधिका

लीझ माइटनर यांनी १९०६ साली व्हिएन्ना विद्यापीठातून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. पुढील संशोधनासाठी त्या १९०७ मध्ये बर्लिनला गेल्या. तेथील रसायनसंस्थेत स्त्रियांना मज्जाव होता. रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांच्यासमवेत त्यांना काम करू दिले, ते केवळ तळघरातील जुन्या सुतारखान्यात! वेतनही नव्हते. वडील पाठवीत तेवढ्या पैशांवर त्या निर्वाह करीत. पुढे बंदी उठली. पगारी जागा मात्र १९१२ साली, मॅक्स प्लांक यांच्या साहाय्यक म्हणून मिळाली. १९१८ मध्ये माइटनर व हान यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याविषयीचा आपला शोध प्रसिद्ध केला. १९६८ साली माइटनर निवर्तल्या. १९९७ मध्ये एका मूलद्रव्यास ‘माइटनेरियम’ हे नाव देण्यात आले. ज्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना पाऊल टाकू दिले नव्हते, त्याच शास्त्राच्या आवर्तसारणीत त्यांचे नाव कोरले गेले.